पीई कमी म्हणून तेल कंपनी स्वस्त? तिथे हे गणित उलटं पडतं

तुझं पत्र दोनदा वाचलं. टीवायबीकॉमला आहेस, घर उरणला, एका ब्रोकरेजमध्ये इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू होता, तिथे विचारलं ओएनजीसी स्वस्त की महाग, तू म्हणालीस पीई सिंगल डिजिट आहे म्हणजे स्वस्त, त्यावर समोरचे म्हणाले "कुठल्या वर्षाच्या कमाईवर?" आणि तुला काही सुचेना. सिलेक्शन झालं नाही. आता आई बँकेच्या परीक्षांचं म्हणतेय आणि तू विचारतेस की इक्विटी रिसर्च आपल्याला झेपणारं नाही का.

झेपेल गं. एका प्रश्नावर अडलं म्हणून फील्ड सोडायचं नसतं, आणि तो प्रश्न फार चांगला होता, म्हणून आधी तोच सोडवू.

तुमच्याकडे हापूसची बाग विकायला निघाली तर नुसत्या गेल्या वर्षीच्या पिकावर कोणी भाव लावतं का? हापूस एक वर्ष भरभरून देतो, पुढच्या वर्षी रुसतो, बागायतदार चार-सहा वर्षांचा हिशेब बघतो. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले एकाच वर्षाची शेअरमागची कमाई, आणि तेल काढणाऱ्या कंपनीची ती कमाई बरीचशी क्रूडच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या, भावावर हलते.

अमेरिकेच्या एक्सॉनमोबिल या तेल कंपनीचे आकडे बघ. २०१९ च्या शेवटी शेअर ७० डॉलरच्या आसपास, कमाई शेअरमागे ३.३६, म्हणजे पीई जवळपास २१. २०२० ला कोविडमध्ये क्रूड कोसळलं, कंपनीला २२ अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला (त्यातले १९ अब्जांहून जास्त तर ॲसेटची किंमत पुस्तकात कमी केल्याचे, रोख पैसा गेला असं नाही), शेअर ४१ वर आणि पीई निघतच नाही. तुझ्या नियमाने तेव्हा हातसुद्धा लावायचा नाही, पण तिथून दोन वर्षांत शेअर ११० वर गेला. २०२२ ची कमाई १३.२६, पीई जेमतेम ८! म्हणजे शेअर अडीच पटीच्या वर चढून बसलाय आणि पीई सांगतोय स्वस्त आहे. पुढच्याच वर्षी कमाई ८.८९ वर उतरली.

आपल्या मुंबईची एचपीसीएल, क्रूड विकत घेऊन पेट्रोल-डिझेल बनवून पंपावर विकणारी, तर अजून टोकाची. २०२२-२३ ला क्रूड महाग आणि पंपावरचे दर होते तिथेच, त्यामुळे स्टँडअलोन (उपकंपन्या न धरता) ८,९७४ कोटींचा तोटा, पुढच्या वर्षी १४,६९४ कोटींचा नफा. रिफायनऱ्या त्याच, पंप तेच. ओएनजीसीचा धंदा वेगळा, क्रूड चढलं की तिला फायदा, पण जुलै २०२२ मध्ये सरकारने देशात काढलेल्या क्रूडवर टनामागे २३,२५० रुपये विंडफॉल टॅक्स (भाव अचानक चढल्याने झालेल्या जादा नफ्यावरचा कर) लावला, म्हणजे चढलेला भाव सगळा खिशात आला असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तो काढला.

आणि एका जागी आंब्याचं उदाहरण अपुरं पडतं. झाड पुन्हा मोहोरतं, विहिरीतलं तेल काढलं की गेलं. तुमच्या उरणच्या प्लांटला समुद्रातून पाइपलाइनने तेल येतं ते मुंबई हायचं, ते फील्ड १९७४ ला सापडलं आणि १९७६ पासून उपसा चालू आहे. दोन कंपन्यांचा पीई ७ असेल, पण एकीकडे जमिनीखाली आठ वर्षं पुरेल इतका तेलाचा साठा आणि दुसरीकडे वीस वर्षांचा, तर त्या सारख्या कशा? पीईला हे दिसत नाही. कर्जही नीट दिसत नाही, म्हणून या सेक्टरवाले ईव्ही-एबिट्डा (कर्ज धरून कंपनीची किंमत भागिले व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीची कमाई) आणि कॅश फ्लो (हातात प्रत्यक्ष येणारा पैसा) आधी बघतात.

आता काय करायचं ते. ओएनजीसीचे दहा वर्षांचे ॲन्युअल रिपोर्ट कंपनीच्या साइटवरून उतरवून घे आणि एक एक्सेल शीट बनव, वर्षाला एक ओळ, त्यात क्रूडचा मिळालेला भाव, उत्पादन, शेअरमागची कमाई, कॅश फ्लो, कर्ज, साठा. दहा वर्षांच्या कमाईची सरासरी काढून त्यावर पीई लाव, मग क्रूड ६०, ७५, ९० डॉलर धरून कमाई किती येईल ते मांड. त्यावर दोन पानांची नोट लिही आणि पुढच्या प्रत्येक ॲप्लिकेशनला जोड. हे काम मी कोर्सच्या आधी सांगतेय कारण फ्रेशरच्या सीव्हीत सर्टिफिकेट सगळ्यांकडे असतात, स्वतः केलेलं काम क्वचित दिसतं. त्यासोबत एनआयएसएमची (सेबीने काढलेली शेअर बाजाराच्या शिक्षणाची संस्था) रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा दे, सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय कोर्सच्या मानाने फी अगदी थोडी आहे. सीएफए नंतर बघू, घरच्यांवर आत्ताच तो भार नको.

आईला सांग बँकेचा फॉर्मही भरते, त्यांची काळजी रास्त आहे आणि दोन्ही एका वर्षात बसतं. शीट झाली की मला पाठव, फक्त साठ्याचा कॉलम रिकामा ठेवू नकोस, मुलं नेमकी तोच सोडतात.