लाकडी छपरात वाशांमध्ये किती जाडीचं इन्सुलेशन घालावं?

तुम्ही विचारलंय की उतरत्या लाकडी छपराला वाशांच्या मधे १०० मिमी ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचेच्या तंतूंचा कापूस) पुरेल का, की २०० मिमी घालावं. २०० घाला. मी लाकडी छपरांचीच कामं करतो, आणि माझा आग्रह असतो की जाडीच्या आधी दोन गोष्टी बघा: वाशांमधून जाणारी उष्णता आणि फटींमधून जाणारी हवा.

पहिली गोष्ट हिशोबाची. लाकूड उष्णता अडवतं, पण ग्लासवूलच्या तुलनेत त्यातून साधारण तिप्पट उष्णता जाते. छपराचा १२ टक्के भाग वाशांनी व्यापलाय असं धरलं, तर २०० मिमी ग्लासवूल भरूनही नुसत्या ग्लासवूलच्या हिशोबापेक्षा सुमारे पाव पट जास्त उष्णता निघून जाते. म्हणून वाशांच्या वरून ६० मिमी वूड फायबरची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली, शीट सलग टाका. तेवढ्याने उष्णतेची एकूण गळती जवळजवळ ३० टक्के उतरते. तेच ६० मिमी वाशांच्या मधे वाढवले तर इतका फरक पडत नाही, कारण वासे उघडेच राहतात.

आता हवा. जुनी छपरं उघडताना ग्लासवूलवर काळपट पट्टे दिसतात. लोकांना ती बुरशी वाटते. बहुतेक वेळा ती धूळ असते: फटीतून हवा वर्षानुवर्षं आरपार गेली आणि ग्लासवूलने ती गाळली. पट्टा जिथे, फट तिथे. छतातल्या दिव्यांची भोकं, वायरिंगचे पाइप, भिंत आणि छप्पर जुळतात तो कोपरा, ही नेहमीची ठिकाणं.

या हवेबरोबर वाफही जाते, आणि लाकडाला खरा धोका तिचाच. २० अंशांची एक घनमीटर हवा १७ ग्रॅमपर्यंत वाफ धरते, शून्य अंशाची जेमतेम ५. थंडीत घरातली उबदार हवा वर जाऊन गार फळ्यांना टेकली की उरलेलं पाणी तिथेच सुटतं. लाकडातला ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीची भीती सुरू होते, आणि वरून कौलं नीट असल्यामुळे खाली काय चाललंय याचा पत्ता लागत नाही.

त्यासाठी आतल्या बाजूने सलग मेम्ब्रेन, म्हणजे हवा आणि वाफ रोखणारा पातळ पडदा, लावा आणि प्रत्येक सांधा त्यासाठीच्या टेपने चिकटवा. पॅकिंगची साधी टेप काही काळाने सुटते. मेम्ब्रेनच्या खाली रिपा ठोकून ४०-५० मिमी पोकळी ठेवा आणि सगळं वायरिंग, दिवे त्या पोकळीतच घ्या. मग इलेक्ट्रिशियनला मेम्ब्रेनला भोक पाडायचं कारणच उरत नाही. माझ्या मते पूर्ण छपरात सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च हाच.

मात्र मेम्ब्रेन निवडताना हवामान बघा. थंड प्रदेशात वाफ आतून बाहेर जाते. उष्ण, दमट हवेत एसी लावलेल्या घरात ती बाहेरून आत येते, आणि आतून साधं प्लॅस्टिक लावलं असेल तर त्याच्या मागे पाणी साचतं. अशा ठिकाणी, किंवा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही कडक असतील तर, ओलाव्यानुसार वाफ कमी-जास्त सोडणारी मेम्ब्रेन घ्या. बाहेरच्या बाजूला पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा थर टाका. त्यावर कौलांखाली ५० मिमी मोकळी जागा, वळचणीला हवा आत यायला आणि आढ्यापाशी बाहेर पडायला वाट, दोन्हीकडे कीटकजाळी.

उन्हाळ्यासाठी वूड फायबर मला ग्लासवूलपेक्षा जास्त पसंत आहे. ते वजनदार असतं आणि किलोमागे जवळपास दुप्पट उष्णता धरतं, त्यामुळे दुपारचं ऊन खोलीत उशिरा पोचतं. महाग पडतं, हे खरं.

सीलिंगचे बोर्ड लावण्याआधी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या, म्हणजे दारात मोठा पंखा बसवून घराची हवाबंदी तपासायची. ५० पास्कल दाबाला तासाभरात घरातली हवा किती वेळा बदलते ते त्यात कळतं. पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचं मानक, त्याची मर्यादा ०.६ वेळा आहे. चाचणी चालू असताना हाताची ओली पाठ सांध्यांवरून फिरवा, झुळूक लागेल तिथे टेप कमी पडलीय. बोर्ड लागल्यावर तीच फट शोधायला सीलिंग फोडावं लागतं.