किती दिवस आहेस?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय चौतीस, गेल्या वर्षी संमतीने घटस्फोट, सहा वर्षांची मुलगी, पुण्यातली नोकरी, गावी आई एकटी. गावी परत जावं का, गाव सामावून घेईल का, आणि (हे तू सगळ्यात शेवटी, अर्ध्या वाक्यात लिहिलंयस) तिथे पुन्हा कुणी भेटेल का. मी 2011 साली पाच वर्षांची पोर आणि दोन बॅगा घेऊन खटाव तालुक्यातल्या माहेरच्या गावी परत आले. अजून तिथेच आहे. त्यामुळे माझ्यापुरतं सांगते.

माहेरी आलेल्या मुलीला गाव दोन प्रश्न विचारतं. "कवा आलीस?" आणि लगेच, "किती दिस हाईस?" पहिल्यात माया असते. दुसऱ्यातही असते, पण लेक पाहुणी आहे हे त्यात गृहीत असतं. मी पहिले दोन महिने "आहे जरा" म्हणत राहिले. मग सांगायला लागले, "आता इथंच." त्यावर समोरची बाई एक क्षण गप्प व्हायची आणि जनावरांचा विषय काढायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. हा प्रश्न थांबायला तीन वर्षं लागली. घालूनपाडून बोलणारी दोन-चार तोंडं सोसतात गं. या प्रश्नाने मात्र मी थकले.

आमच्यात गिरणीत दळणाचे डबे रांगेने लावतात, आणि डबा कुणाचा ते पुरुषाच्या नावावरून ठरतं. अमक्याचं दळण, तमक्याचं दळण. माझ्याकडे लग्नातला स्टीलचा डबा होता. भांड्यांवर नावं घालायची आपली पद्धत, त्यामुळे त्याच्यावर माझ्या आधीच्या नवऱ्याचं आख्खं नाव, गाव आणि तारीख. गिरणवाल्या मावशी नवऱ्यामागे वीस वर्षं गिरण चालवत होत्या. त्यांनी डबा उचलला, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि डबा फिरवून नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. दळण झाल्यावर ओरडल्या मात्र माझ्या नावाने, चार बायकांसमोर. गावातली माझी पहिली माणूस ती. सख्ख्या चुलतीने त्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. कोण आपलं होईल याचा अंदाज पुण्यात बसून बांधू नकोस, चुकतोच.

आता जमिनीचं, कारण तुझ्या प्रश्नात त्याबद्दल एक अक्षर नाही आणि गावात सगळं तिथेच येऊन अडतं. वडील 2009 साली गेले. वारस म्हणून सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी नावं लागली. भावाचा माझ्यावर जीव होता, खोटं नाही बोलणार. पण मी राहायला आले म्हटल्यावर महिन्याभरात हक्कसोडीचा कागद पुढे आला. "नुसती सही, तुला काय कमी पडू देणार आहे का मी?" आपल्याकडे हजारो बहिणी ही सही साडीचोळीवर करतात आणि तिला चांगुलपणा म्हणतात. मी केली नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वडील 2005 मध्ये हयात होते की नव्हते याने त्यात फरक पडत नाही. मला तेव्हा एवढं कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की सही केली तर "किती दिवस आहेस" हा प्रश्न उद्या घरातूनच येईल. वहिनी सहा महिने माझ्याशी फक्त पोरीमार्फत बोलली. शेवटी वाट्याचं दीड एकर रान मी कसायला घेतलं, 2013 साली पत्र्याच्या दोन खोल्या घातल्या, विजेचं मीटर माझ्या नावावर घेतलं. रेशनकार्डाला जास्त हेलपाटे पडले, कारण आधी सासरच्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला तिकडे कुणाला घाई नसते. पण वेगळी चूल, वेगळं मीटर, वेगळं कार्ड झालं आणि ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीची पावती माझ्या नावाने घेऊन आला. त्यानंतर कधीतरी तो प्रश्न बंद झाला. नेमका कधी, ते लक्षातही आलं नाही.

दुसरी गोष्ट लिहिण्यावाचण्याची. बचत गटाची वही लिहायला कुणी नव्हतं, ती माझ्याकडे आली. मग संध्याकाळी बायका पदराखाली कागद घेऊन यायला लागल्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, बँकेचं केवायसी, पोटगीची नोटीस. तेव्हा कळलं की आमच्या वाडीत "नांदत नाही" अशा सात जणी आहेत. घटस्फोटाचा कागद एकीकडेही नाही, नुसत्या सोडलेल्या. मला वाटत होतं गावात अशी मी एकटीच! त्या सगळ्या तिथेच होत्या, भावाच्या घरात मागच्या खोलीत. निराधारच्या यादीत विधवेबरोबर परित्यक्ता आणि घटस्फोटिताही बसतात, आता महिना 1500 मिळतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. तू शिकलेली आहेस, तुझ्याकडेही येतील. कंटाळू नकोस.

(हळदीकुंकवाचं राहिलं. 2022 साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारचं परिपत्रक आलं, तसा ठराव आमच्या ग्रामसभेतही टाळ्या वाजवून झाला. ठराव विधवांबद्दल होता, आमच्यासारखींचं त्यात काही नव्हतं. माझ्यापुरतं म्हणशील तर चुलती अजून बोलावत नाही. मी गिरणवाल्या मावशींकडे जाते, तिथे सगळ्याच जणी येतात.)

आता तुझं ते अर्धं वाक्य.

मी कुणाला शोधत नव्हते, हे खरं तर सगळेच म्हणतात, पण माझ्याकडे खरोखर वेळ नव्हता. रानाला लागून एका माणसाचं रान होतं. गाव त्यांचं शिवेपलीकडचं. त्यांच्या वडिलांनी ती जमीन आमच्या चुलत्याकडून विकत घेतलेली, विहिरीत आठ आणे हिस्सा आमचा, आठ आणे त्यांचा. म्हणजे बांध एक, विहीर एक, पण भावकी नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण गावात माणूस आवडण्याआधी हे बघावं लागतं. ते पंधरा वर्षं कोइमतूरला गलाईच्या धंद्यात होते. आमच्या खटाव-खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात, तसेच. बायकोशी फारकत झाली, दुकान भावाला दिलं आणि रान करायला परत आले. त्यांना मात्र गावात कुणीही विचारलं नाही, किती दिवस आहेस म्हणून.

आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. फेब्रुवारी 2016, कांदा पोसायला आलेला, विहीर तळाला लागलेली, आणि माझी पाळी रात्रीची. दीड वाजता गमबूट घालून, खोरं घेऊन पाण्याची दारं धरत होते, तर मोटर बंद पडली. बॅटरी घेऊन विहिरीवर गेले तर स्टार्टरपाशी ते आधीच उभे, टेस्टर लावून. फ्यूज गेला होता. तार घातली, मोटर उचलली. मग घड्याळ बघून म्हणाले, "तुमच्या पाळीतला अर्धा तास गेला. सकाळी माझ्यातला घ्या." आणि गेले.

तुझं माहेर कोरडवाहू असेल तर तुला कळेल. नसेल तर सांगते, फेब्रुवारीत आमच्यात सख्खा भाऊ पाच मिनिटं पाणी सोडत नाही, त्यावरून खोरी उगारली जातात. मी बांधावर बसले आणि किती तरी वेळ उठलेच नाही. वाफा फुटून पाणी शेजारच्या सरीत गेलं तेव्हा भानावर आले.

पुढे दोन वर्षं गेली. गावात लपून काही होत नाही आणि लपवलं की त्याची घाण होते, म्हणून ते आले की सोप्यातच बसायचे, दार उघडं, आई समोर तांदूळ निवडत. गाव बोललंच. आजीनेच मला धीर दिला. म्हणाली, तिच्या सासूचा काडीमोड झाला होता आणि नंतर पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न, रात्रीचं, वाजंत्रीशिवाय, आणि त्याच बाईने पुढे घर चालवलं. कितीतरी जातींत हे सर्रास चालायचं. मग आपण शिकलो, खानदानी झालो आणि विसरलो. "तुमचंबी रातीचंच जमलं की," असंही म्हणाली ती.

2018 साली साताऱ्याला विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केलं. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात बोर्डावर लागते, हे माहीत होतं. त्या बोर्डाचा फोटो कुणीतरी काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकेल हे माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत शुभेच्छा आणि शिव्या दोन्ही आल्या. भावाने एकच विचारलं, "मग रानाचं काय?" मी म्हटलं, रान आहे तिथंच आहे. त्यानंतर दोन वर्षं तो बोलला नाही. लॉकडाऊनमध्ये आई आजारी पडली तेव्हा बोलायला लागला, पण पूर्वीसारखं नाही झालं, आणि ते मला अजून टोचतं. साक्षीला तीन माणसं लागतात. तिसरी सही वहिनीने केली, भावाला न सांगता. मला आजही कळलेलं नाही का.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ती त्यांना काका म्हणायची, अजूनही काकाच म्हणते. आम्ही बदलायला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. तिचा बाप तिला फोन करतो, सुट्टीत ती जाते. आम्ही शिवेवरच वस्ती केली, घर अर्धं या गावात, अर्धं त्या गावात म्हणायचं.

तर तू काय करावंस? नोकरी लगेच सोडू नकोस. घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणित नकला चार-पाच काढून ठेव, आधार, रेशन, पुढे दुसरं लग्न, सगळीकडे मागतात. सातबारा ऑनलाइन काढून बघ, तुझं नाव लागलंय का. आणि आधी पोरीला घेऊन पंधरा दिवस राहून ये. पण जत्रेत नको, तेव्हा सगळेच प्रेमळ असतात, आणि मे महिन्यातही नको. जुलैत जा. चिखल असतो, लाइट नसते, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. दळण स्वतः घेऊन गिरणीत जा आणि रांगेत थांब. कोण काय विचारतं ते मला इथे येऊन सांग.