पणजीचं काळं कुंकू

प्रश्न : १९३०च्या सुमारास स्टुडिओत काढलेल्या फोटोत माझ्या पणजीचं कुंकू काळंभोर दिसतं, ओठही काळपट. ती काळं कुंकू लावत असे का?

उत्तर : नाही हो, कुंकू लालच असणार! त्या काळी स्टुडिओत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट, म्हणजे फोटो टिपणारी लेप दिलेली काच, सर्रास वापरत. तिला निळा आणि हिरवा प्रकाश कळतो, लाल कळतच नाही. त्यामुळे लाल ते सगळं प्रिंटवर काळं येतं आणि निळं पांढरट. आपला सावळा वर्ण तर आहे त्याहून गडद उमटे.

सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट लंडनच्या रॅटन अँड वेनराइटने १९०६मध्येच विकायला आणल्या होत्या. तरी जुने फोटोग्राफर ऑर्थो सोडेनात, आणि मला ते पटतं. ऑर्थो प्लेट लाल दिव्याखाली धुता येते. ट्रेमध्ये डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) हलवताना चेहरा उमटत जाताना दिसतो आणि नेमक्या क्षणी प्लेट बाहेर काढता येते. पॅनक्रोमॅटिकला मिट्ट काळोख हवा, सारा कारभार घड्याळ आणि तापमानाच्या भरवशावर.

घरात काचेची निगेटिव्ह, म्हणजे धुतलेली प्लेट, असेल तर उजेडासमोर तिरकी धरून पाहा. गालांवर, डोळ्यांखाली शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतील. चेहरा उजळावा म्हणून रिटचिंगवाल्याने त्या हाताने मारलेल्या असतात. त्यावर बोट फिरवू नका, पाणी तर मुळीच लावू नका. आणि फोटो रंगवून घ्यायचा झालाच, तर कुंकू लाल करायला जरूर सांगा.