दुसऱ्या कार्डावर आलेल्या पॅकेटचे उत्तर पहिल्या कार्डातून का जाते?

आपण लिहिता की लिनक्स सर्व्हरला दोन इंटरनेट प्रोव्हायडरांच्या दोन लाइनी दोन वेगळ्या नेटवर्क कार्डांवर आहेत, दुसऱ्या कार्डाच्या पत्त्याला त्याच सबनेटमधून (म्हणजे त्याला थेट जोडलेल्या नेटवर्कमधून) पिंग लागतो पण बाहेरून लागत नाही, आरपी फिल्टर (पाठवणाऱ्याकडे परतीची वाट त्याच कार्डातून नसेल तर आलेले पॅकेट टाकून देणारी कर्नलची तपासणी) शून्य म्हणजे बंद करूनही फरक पडला नाही, आणि आयपी रूल (कोणत्या पॅकेटाने रूटांचे कोणते टेबल वापरावे ते सांगणारे नियम) लिहिले तर ते रीबूटनंतर जातात. फिल्टर शून्य करण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला ते मी विचारत नाही. परंतु त्याच सल्ल्यापायी महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये माझ्या अकरा रात्री गेल्या आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

लक्षणे हुबेहूब हीच होती. कोल्ड आइलमध्ये स्वेटर घालून मी टीसीपीडंप (कार्डावरची पॅकेट टिपून दाखवणारे साधन) लावला, तेव्हा दुसऱ्या कार्डावर सिन पॅकेट (जोडणी मागणारे पहिले पॅकेट) येताना स्वच्छ दिसत होते, उत्तर न मिळाल्याने तेच पुन्हा पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या सेकंदाला येत होते, आणि उत्तर मात्र कोणत्याच कार्डावर नव्हते. आमचे साहेब म्हणाले, "पॅकेट दिसतंय ना? मग नेटवर्क ठीक आहे, ॲप्लिकेशनवाल्यांना उठवा." ॲप्लिकेशनवाले बिचारे रात्री अडीच वाजता ऐरोलीहून रिक्षाने आले. वस्तुतः टीसीपीडंपला पॅकेट दिसते ते आरपी फिल्टरच्या आधी. दिसले म्हणजे स्वीकारले गेले असे मुळीच नाही. एनस्टॅट या कर्नलचे आकडे दाखवणाऱ्या आज्ञेतला रिव्हर्स पाथ फिल्टरचा, म्हणजे आरपी फिल्टरचा, आकडा प्रत्येक सिनमागे एकाने वाढत होता. तो मी दाखवताच साहेबांनी फिल्टर शून्य केला आणि प्रश्न सुटल्याचे जाहीर केले.

सुटला नव्हता. आता सिन-ॲक (सिनची उत्तरे) निघू लागले, पण पहिल्या कार्डातून, आणि त्यांवर पत्ता दुसऱ्या लाइनीचा. पॅकेट कोणत्या कार्डातून आले होते हे लिनक्स उत्तर पाठवताना पाहत नाही. मेन टेबलात (रूटांच्या नेहमीच्या यादीत) फक्त जायचा पत्ता शोधतो आणि डिफॉल्ट रूटला (वेगळी वाट नसलेल्या पत्त्यांसाठीच्या, इथे पहिल्या कार्डाच्या वाटेला) लागतो. (त्याच सबनेटचा रूट थेट त्या कार्डावर असतो, म्हणून आपला आतला पिंग लागतो.) परका सोर्स पत्ता पाहून पहिल्या प्रोव्हायडरने ती पॅकेट टाकून दिली आणि योग्यच केले, असे पत्ते नेटवर्कच्या कडेलाच अडवावेत ही शिफारस आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजामध्ये २००० सालापासून आहे. साहेब मात्र पुढचे दहा दिवस प्रोव्हायडरला मेल लिहीत राहिले.

ते लग्नाला कोल्हापूरला गेले त्या रात्री मी २०० क्रमांकाचे वेगळे टेबल केले, त्यात दुसऱ्या सबनेटचा रूट आणि दुसऱ्या गेटवेचा डिफॉल्ट रूट टाकला, आणि दुसऱ्या पत्त्यावरून निघणाऱ्या पॅकेटांनी तेच टेबल वापरावे असा 'फ्रॉम'चा एक आयपी रूल लिहिला. मग आरपी फिल्टर परत एकवर आणला, तरीही सगळे चालले, कारण फिल्टरची उलट तपासणीही याच रूलमधून जाते. साहेबांच्या अहवालात 'प्रोव्हायडरने दुरुस्ती केली' असेच आहे.

तेव्हा मेन टेबलात दुसरा डिफॉल्ट रूट मोठ्या मेट्रिकने (म्हणजे कमी प्राधान्याने) टाकून काहीही होणार नाही, आणि 'आयपी रूट गेट' (पॅकेट कोणत्या वाटेने जाईल ते सांगणारी आज्ञा) चालवाल तर 'फ्रॉम'सह चालवा, नाहीतर तो पहिलेच कार्ड दाखवील. अर्थात, सोर्स पत्ता न बांधता (कोणत्या पत्त्यावरून निघायचे ते न ठरवता) सर्व्हरने स्वतः सुरू केलेली जोडणी या रूलने वळत नाही. फिल्टरचे 'ऑल' (सर्व कार्डांसाठीचे) मूल्य आणि त्या कार्डाचे मूल्य यांत जे मोठे तेच लागू होते, हेही पाहा.

राहिला रीबूटचा प्रश्न. आयपी रूल फक्त चालू कर्नलमध्ये असतो. नेटवर्कची सेटिंग्ज नेटप्लॅन सांभाळत असेल तर त्याच्या राउटिंग पॉलिसीत लिहा, नेटवर्क मॅनेजर असेल तर त्या कनेक्शनच्या राउटिंग रूल्समध्ये. आरसी लोकलमध्ये (सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) नको. आमच्या साहेबांनी फिल्टरचा शून्य तिथेच लिहून ठेवला होता, आणि तो मला पुढच्या रीबूटनंतर सापडला.