आधी सांग, परत कधी वाचतेस?

अनेक उत्तम आशीर्वाद.

हाताने लिहायची डिजिटल वही कोणती घ्यावी म्हणून तू केलेला तक्ता उघडून पाहिला. सहा यंत्रं, एकोणीस रकाने आणि तळाशी लाल अक्षरांत ‘सर, डोकं बंद पडलंय’. पडणारच! पेन टेकल्यापासून रेघ उमटेपर्यंत किती मिलिसेकंद जातात, पडदा किती खरखरीत आहे, वजन किती, जाडी किती, सगळं भरलंयस. पेन कडेला किती घट्ट चिकटतं याचासुद्धा रकाना आहे. नाही तो एकच : लिहिलेलं परत सापडणार कसं? तो रकाना आधी आखला असतास, तर या एकोणिसांतले पंधरा तूच पुसून टाकले असतेस.

फोन आणि लॅपटॉपपासून सुटका का हवी, हे मला समजावू नकोस. मीही त्याच आगीतून उठलोय. हाताने लिहावं, हेही आपल्यात ठरलेलंच आहे. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो : लिहिण्यासाठी यंत्र निवडू नकोस, वाचण्यासाठी निवड. स्वतःचंच लिहिलेलं वाचण्यासाठी.

तू पाहिलेल्या प्रत्येक परीक्षणात माणूस लिहून दाखवतो. दोन ओळी, एक चौकोन, एक फूल, आणि ‘अगदी कागदासारखं’! २०१७ साली रिमार्केबल कंपनीचं पहिलं यंत्र आलं तेव्हा त्याचं नवल होतं. आज तुझ्या यादीतली सहाही यंत्रं त्या परीक्षेत पास आहेत. पण तीन महिन्यांपूर्वीचं टिपण शोधून दाखवणारा एक तरी पाहिलास का? कागदाच्या वहीत आपल्याला आठवतं, उजवं पान, वरचा कोपरा, शाईचा डाग पडलाय त्याच्या शेजारी. बोट आपोआप तिथे जातं. यंत्रात पहिलं पान आणि तीनशेवं पान हाताला सारखंच लागतं.

आणि वही चाळणं ही ई-इंकची, म्हणजे या यंत्रांच्या कागदासारख्या पडद्याची, जन्मजात कमजोरी आहे. पडद्यात केसाच्या जाडीच्या आसपासच्या कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा खाली बसतो, आणि मग वीज काढून घेतली तरी ते जागचे हलत नाहीत. म्हणून अक्षर छापल्यासारखं दिसतं, म्हणून बॅटरी पुरते. पण पान उलटायचं म्हणजे त्या सगळ्यांना पुन्हा ढकलायचं, आणि ते आळशी आहेत. मागच्या पानाची पुसट सावली राहते, ती घालवायला पडदा मधूनच काळा-पांढरा लुकलुकतो. एक-दोन पानांना त्याचं काही वाटत नाही. चाळीस पानं मागे जायचं असेल तर तिसऱ्या मिनिटाला माणूस नाद सोडतो. मी सोडला होता.

आता माझं ऐक. माझ्या पहिल्या यंत्रावर मी चार वर्षं लिहिलं. माझे गुरुजी थकले होते तेव्हा संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून ते बोलतील ते उतरवून घ्यायचो. तीनशेच्या वर पानं झाली. नक्कल कुठेच ठेवली नव्हती, कारण ‘माझ्या वहीला जगाशी जोडणी नको’ असा माझा बाणा. एक दिवस पिशवी जिन्यावरून पडली. यंत्र चालू होतं, पडद्याच्या आतली काच गेली होती. दुरुस्ती होत नाही म्हणाले. लोक हळहळले, मीही हळहळलो. मग एकाने सहज विचारलं, ‘काय काय सांगितलं होतं हो त्यांनी?’ आणि मला चार वाक्यंसुद्धा सांगता येईनात. चार वर्षांत मी ती पानं एकदाही उघडली नव्हती. पिशवीला कशाला दोष देऊ?

त्यानंतर मी आणखी दोन यंत्रं घेतली. घरात यावरून अजून टोमणे बसतात. पण दुसरं घेतलं ते चूक नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगेन. त्यावर हाताने लिहिलेल्या ओळीला वेढा घालून तिचं शीर्षक करता येतं आणि त्या शीर्षकांची अनुक्रमणिका आपोआप तयार होते. तिसऱ्याबद्दल तू विचारू नकोस.

हाताने लिहिण्याच्या बाजूने तू २०१४ चा म्यूलर आणि ओपनहायमर यांचा प्रयोग पुढे केला आहेस, हाताने आणि लॅपटॉपवर टिपणं घेणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना करणारा. सगळेच करतात. २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल तितका ठाम आला नाही, हे तू वाचलेलं दिसत नाही. पण मूळ प्रयोगातला तिसरा भाग बघ. आठवडाभराने परीक्षा, आणि त्याआधी काहींना आपली टिपणं पुन्हा वाचू दिली. हाताने लिहिलेले आणि परत वाचलेले, ते पुढे गेले. वाचलेले! एवढा शब्द सोडून सगळं जग तो प्रयोग सांगत सुटतं.

तर तुझी यादी या एका चाळणीतून काढू. सुपरनोटमध्ये ती शीर्षकं आहेत, पानावरून पानावर जाणारे दुवे आहेत, चांदणी काढली तर ती नंतर शोधता येते. त्यांचं नोमॅड ७.८ इंची, मांटा १०.७ इंची, दोन्हींत इंचाला ३०० ठिपके, पण पडद्याला स्वतःचा उजेड नाही. रात्री वाचणार असशील तर दिवा लागेल. रिमार्केबल २ सुंदर आहे, ४.७ मिलिमीटर जाडीचं, उजेड त्यालाही नाही. त्यात पानांना टॅग लावता येतात, पण ते लावायचं काम तुझं. त्याच कंपनीचं पेपर प्रो रंगीत आणि उजेडाचं, मात्र त्याचं पेन चार्ज करावं लागतं. किंडल स्क्राइबच्या बहुतेक मॉडेलांना उजेड आहे, ३०० ठिपके आहेत, आणि वही पीडीएफ करून मेलवर पाठवता येते. पुस्तकंच जास्त वाचणार असशील तर त्याचा विचार कर. बूक्समध्ये अख्खं अँड्रॉइड आहे. तुला काय काय बसवायचा मोह होईल ते तुला माहीत आहे, मला विचारू नकोस.

निब झिजणं, टेम्प्लेट, कव्हर यांवर मी एक अक्षर लिहिणार नाही. चाळीस तऱ्हेच्या रेघांची पानं उतरवून घेत बसणं हाही फोन चाळण्याचाच प्रकार आहे, फक्त त्याला आवाज नाही. तू गेले तीन आठवडे तेच करते आहेस, नाही का? रागावू नकोस. मी तीन महिने केलं होतं.

एका गोष्टीच्या आड मात्र बाणा येऊ देऊ नकोस. महिन्यातून एकदा सगळ्या वह्या पीडीएफ करून दुसरीकडे ठेव. कंपनीच्या खास फाइलीत अडकलेलं टिपण कंपनी असेपर्यंतच तुझं. आणि ती पीडीएफ ठेवण्याआधी उघडून वाच. नुसती ठेवलीस तर माझ्यासारखंच होईल, फक्त काच शाबूत राहील.

परत करण्याची मुदत देणाऱ्याकडूनच घे. पहिले दहा दिवस नेहमीसारखं लिही, कसलीही परीक्षा नको. अकराव्या दिवशी पहिल्या दिवशीची एक ठरावीक ओळ शोध, आणि घड्याळ लावून शोध. किती वेळ लागला तेवढंच मला कळव. नवा तक्ता पाठवलास तर मी उघडणार नाही.