व्हायरस बॅक्टेरियाला फोडतो कसा?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. पुस्तकात लिहिलंय की बॅक्टेरियात शिरलेला व्हायरस आत वाढतो आणि शेवटी पेशी फुटून नवे व्हायरस बाहेर येतात. ती विचारते, फुटते म्हणजे नक्की काय होतं, आत गर्दी झाली म्हणून फुग्यासारखी फुटते का? मला काही सांगता आलं नाही.
– एक पालक, साखळी

उत्तर : मुलीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. गर्दी झाली म्हणून फुटते असंच बहुतेकांना वाटतं, पण तसं नाही, आणि ते कळलं कसं ते आधी सांगते. बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसला फाज म्हणतात. त्यातला लॅम्डा नावाचा फाज आपल्या आतड्यातल्या ई. कोलायमध्ये वाढायला लागला की साधारण ५० मिनिटांत आत शंभरेक नवे फाज तयार होतात आणि पेशी फुटते. आता याच फाजचा एक जीन, एस नावाचा, बिघडवला तर काय होतं माहितीय? आत फाज बनतच राहतात, नेहमीच्या कितीतरी पट जास्त होतात, तरी पेशी फुटत नाही! म्हणजे फोडणं हे वेगळंच काम आहे आणि फाज ते मुद्दाम करतो.

दिवाडी-चोडणला ज्यांची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, आहे त्यांना विचारा बांध कसा फुटतो. खेकडे बांध पोखरतात, आतून माती पोकळ होत जाते आणि मग एखाद्या मोठ्या भरतीचा दाब बाकीचं काम करून टाकतो. खेकडा काही बांध ढकलत नाही. इथेही तसंच, फक्त दाब आतून बाहेर. पेशीच्या आतलं पाणी क्षार-प्रोटीनने दाट असतं त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत ओढलं जातं, आणि हा सगळा ताण धरून ठेवतात तीन थर : आतला पडदा, मधली जाळीसारखी भिंत आणि बाहेरचा पडदा. फाजकडे तिन्हीसाठी वेगवेगळी माणसं, म्हणजे प्रोटीन्स, आहेत.

पहिलं होलिन, वर सांगितलेल्या एस जीनचं. हे आतल्या पडद्यात गुपचूप साठत जातं आणि तोवर पेशीला काही म्हणजे काही होत नाही, ती मजेत श्वास घेतेय, वाढतेय, आणि मग ठरलेल्या वेळी सगळी होलिन एकदम एकत्र येतात आणि पडद्याला मोठं भगदाड पडतं. भगदाड म्हणजे सरासरी ३४० नॅनोमीटरचं, आणि पेशीची लांबी जेमतेम २ मायक्रोमीटर, म्हणजे २००० नॅनोमीटर! मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती अशी की एस जीनमधून दोन प्रोटीन्स बनतात, एक १०५ अमिनो आम्लांचं आणि एक १०७ चं. १०५ वालं भोक पाडतं आणि १०७ वालं त्यालाच अडवून ठेवतं. फक्त दोन अमिनो आम्लं जास्त, आणि काम बरोबर उलटं. घड्याळ यातूनच लागतं. पेशीच्या पडद्यावर थोडा विद्युतदाब असतो, तो सायनाइडसारख्या विषाने कोसळला तर मात्र हे घड्याळ वेळेआधीच वाजतं.

दुसरं एंडोलायसिन, मधली भिंत कापणारं एन्झाइम. हे आत आधीपासून तयार होऊन बसलेलं असतं पण आतला पडदा ओलांडता येत नाही म्हणून वाट बघतं. एस बिघडलेल्या त्या पेशींवर लॅबमध्ये थोडं क्लोरोफॉर्म टाकलं की पडद्याची वाट लागते, एंडोलायसिन भिंतीपर्यंत पोचतं आणि पेशी लगेच फुटतात.

बरीच वर्षं वाटायचं की एवढ्यावर काम संपलं. पण २०१२ मध्ये दिसलं की तिसरं, स्पॅनिन नावाचं, नसेल तर भिंत गेल्यावर काठीसारखी पेशी लाडूसारखी गोल होते आणि तशीच राहते, बाहेरचा पडदा तिला धरून ठेवतो. स्पॅनिन आतला आणि बाहेरचा पडदा एकमेकांत जुळवून टाकतं, मग वाट मोकळी.

वेळ का पाळायची तेही मुलीला सांगा. लवकर फोडलं तर आत फाज थोडेच, उशीर केला तर तेवढ्यात बाहेरचे बॅक्टेरिया दुसऱ्याच फाजच्या हाती लागतात. टी-४ नावाचा फाज तर अजून हुशार. एरवी अर्ध्या तासात फोडतो, पण त्याच पेशीवर बाहेरून आणखी फाज येऊन आदळले तर ओळखतो की बाहेर आता रिकामे बॅक्टेरिया कमी आणि फाजच जास्त आहेत, मग काही तास थांबून आतच आणखी फाज बनवत बसतो.

प्रश्न : मिरामारच्या पाण्यातही असे व्हायरस असतात का? पोरं पोहतात तिथे.
– एक आजी, पणजी

उत्तर : असतात आजी, किनाऱ्याजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी! पण ते बहुतेक बॅक्टेरियालाच लागतात, पोरांना काही करत नाहीत. उलट समुद्रातल्या सूक्ष्मजीवांपैकी वजनाने सुमारे २० टक्के रोज असे फुटतात असा अंदाज आहे, आणि त्यांच्यातून सांडलेल्या अन्नावर दुसरे सूक्ष्मजीव जगतात. पोरांना जपायचं ते सांडपाण्यापासून आणि पावसाळ्यातल्या लाटांपासून.

प्रश्न : फाजच्या या एन्झाइमचं औषध निघालंय का? वडिलांच्या पायाच्या जखमेत स्टॅफ नावाचा बॅक्टेरिया निघाला, अँटिबायोटिक बदलून बदलून थकलो.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तुमच्या वडिलांना लवकर आराम पडो. कल्पना चांगली आहे कारण स्टॅफला बाहेरचा पडदाच नाही, भिंत उघडी, त्यामुळे एंडोलायसिन बाहेरून लावलं तरी चालतं. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत याच प्रकाराने घशातले स्ट्रेप्टोकोकस बॅक्टेरिया काही सेकंदांत मारून दाखवले होते. पण रक्तातल्या स्टॅफसाठीच्या एक्झेबाकेस नावाच्या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली, नुसत्या अँटिबायोटिकपेक्षा जास्त फायदा दिसेल असं वाटेना. तेव्हा त्याच्यासाठी थांबू नका, जखमेचा कल्चर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि शुगर तपासली नसेल तर तीही बघून घ्या. ई. कोलायसारख्यांना मात्र बाहेरचा पडदा आडवा येतो, म्हणून आता एंडोलायसिनला तो पडदा ओलांडणारा तुकडा जोडून बघताहेत.