कलाटणी कुणाची?

प्रिय मित्रा,

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये तू गोष्ट सांगतोस आणि पाच जण एकेक पात्र होऊन खेळतात, त्या खेळाची तुझी आठ पानांची फाइल वाचली. बंदराचं गाव झकास उतरलंय. सराईच्या मालकाचा तो कुजका विनोदी स्वभाव तर फारच आवडला. पण सातव्या पानावर ‘सेशन 12: मालकच गद्दार निघतो, सगळे हादरतात’ असं लिहिलंयस, तिथे मी अडले.

हादरतं कोण? तुझ्या पाचांपैकी कुणाचंच त्या मालकाशी काही देणंघेणं नाही. दोनदा जेवले त्याच्याकडे, एवढंच. असा माणूस उलटला तर टेबलावर ‘अरेच्चा’ होतं आणि पुढच्या मिनिटाला सगळे इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईतली पाळी ठरवायचा फासा, टाकून मोकळे होतात. कलाटणी ठरवताना आधी ती कुणाची, हे ठरव. काय घडतं ते मागाहून सुचतं.

आणि तुझ्या फाइलीत ती आहेच, तिसऱ्या पानावर एका ओळीत. तुझ्या क्लेरिकने, म्हणजे पुजारीण झालेल्या खेळाडूने, पात्राच्या बॅकस्टोरीत लिहिलंय की देवळातला दिवा विझू न देण्याची तिने शपथ घेतलीय. आता समज, नदीतलं ते जनावर त्या दिव्यावरच जगतंय. गाव बुडतंय ते तिच्या भक्तीमुळे. दिवा ठेवायचा की मालवायचा, हे तीच ठरवणार. एका फटक्यात कलाटणीही आली आणि तिचा क्षणही. या दोन गोष्टींसाठी तू वेगवेगळे तक्ते केलेस, ते फाडून टाक.

सूचक गोष्टी आधीपासून पेरायच्या. पुराच्या महिन्यांत देवळाच्या वहीत तेलाचा खर्च दुप्पट दिसतो. नदीत ते जनावर सगळ्यांवर झडप घालतं, हिला शिवतही नाही. म्हातारा नावाडी देवळासमोरून जाताना दिव्याकडे पाठ फिरवतो. तेव्हा कुणी फारसं मनावर घेणार नाही, पण नंतर तिन्ही एकदम आठवतील. आणि कृपा करून त्या डाइसमागे लपवू नकोस, म्हणजे फासा चांगला पडला तरच सापडतील असं करू नकोस. वीस बाजूंच्या फाशावर पंधराचा आकडा गाठायचा आणि पात्राचा बोनस दोनचा, म्हणजे तेरा किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. वीसपैकी आठ बाजू, 40 टक्के. सूचना एकच असेल तर दहातल्या सहा वेळा ती तुझ्या वहीतच राहणार. तीन ठिकाणी ठेवल्यास तर निदान एक हाती लागण्याची शक्यता 78 टक्क्यांपर्यंत जाते. मी तर मूळ गोष्ट सरळ सांगून टाकते आणि अधिक तपशील हवा असेल तर रोल मागते.

‘त्यांनी आधीच ओळखलं तर?’ असं विचारलंस. ओळखू देत. यात मी एकदा चांगलंच तोंड पोळून घेतलंय. माझ्या एका जुन्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन चाललेल्या गोष्टीत, गावचा वैद्यच विष घालत होता. आमच्यातली एक जण प्रत्येक सेशनला वही घेऊन बसायची. तिसऱ्याच सेशनला चहा ठेवताना मला तिच्या वहीत ‘वैद्य??’ दिसलं, खाली दोन रेघा मारलेल्या. माझा अहंकार दुखावला. घरी येऊन रात्रीतून गुन्हेगार बदलला, पाटलाला अडकवलं. काही महिन्यांनी रहस्य उघड केलं तेव्हा सगळे खरोखर चकित झाले. ती मात्र वहीची पानं मागे उलटत राहिली. मग म्हणाली, ‘आणि ती निळी बाटली?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने वही मिटली आणि पुढच्या सेशनला आणलीच नाही.

आता प्रत्येक खेळाडूच्या वाट्याच्या क्षणांबद्दल. डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आलं ते सैन्याच्या छोट्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. त्याची खूण अजून दिसते. लढाईत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. लढाई संपली की ज्याचा आवाज मोठा त्याचीच पाळी. तीन तासांच्या सेशनमध्ये निम्मा वेळ तू बोलतोस असं धर, तर उरलेल्या नव्वद मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला अठरा येतात. तुझा तो बार्ड, म्हणजे शाहीर झालेला खेळाडू, एकटाच चाळीस खातो, हे तुलाही माहीत आहे.

तुझी क्लेरिक अबोल आहे. तिला भाषण करायला लावू नकोस, बिचारी घामाघूम होईल. तबल्याच्या सोलोला पेटीवाला काय करतो पाहिलंयस ना? एकच लेहरा धरून बसतो, स्वतःची कलाकुसर दाखवत नाही. तेवढंच तुझं काम. बाकीच्या चौघांना दाराशी लढायला गुंतव, बार्डला तर नक्कीच. मग तिच्याकडे बघून सांग, ‘ज्योत फडफडतेय. तेलाचं भांडं तुझ्या हातात आहे. काय करतेस?’ आणि गप्प बस. दहा सेकंद फार लांब वाटतील, तरी गप्प बस. बार्डने तोंड उघडलंच तर त्याला हाताने थांबव.

ती जे करेल ते झालं. दिवा विझवल्यावर ‘पण तो आपोआप पेटतो’ वगैरे चलाखी नको.

हा प्रसंग बाराव्या सेशनलाच बांधूनही ठेवू नकोस. तिच्या ऑफिसात रिलीज असलं की ती शनिवारी येत नाही, तूच सांगितलं होतंस. तयार ठेव, ती असेल त्या दिवशी वापर.

एक राहिलंच. ते देऊळ तिचं आहे, तिने लिहिलेलं. शपथेशी खेळायच्या आधी तिला एकटीला विचार, ‘तुझ्या देवळाला जरा धक्का लावला तर चालेल?’ काय करणार ते सांगू नकोस. नको म्हणाली तर विषय संपला, मला फोन कर, दुसरं काहीतरी शोधू. फायटरच्या कर्जातही बरंच काही दडलंय असं मला वाटतंय.

सराईच्या मालकाला मात्र जिवंत ठेव.

तुझी,
ताई